आठजणांचा छापखाना

नागपुरात सदरच्या मुख्य रस्त्यावरून आत वळलं की एका गल्लीत आमचा छापखाना आहे. बाहेरचे व्यवहार शेठ पाहतात. आत रोज कोणतं काम कोणी आणि कोणत्या क्रमाने करायचं, हे ठरवणं बरीच वर्षं माझ्याकडे आहे. आम्ही आठजण आहोत. मशीनवरचे दादा इंदोऱ्याचे. उर्दूचं काम करणारे चाचा कामठीहून येतात. हिशेब पाहणाऱ्या मॅडम मल्याळी ख्रिश्चन. ऑर्डरी आणणारा मुलगा जरीपटक्यातल्या सिंधी घरातला. डिझाइन करणारी मुलगी चंद्रपूरची, बाइंडिंगचे काका छत्तीसगडचे. एक हेल्पर आणि मी.

अशी माणसं कोणी मुद्दाम निवडून आणलेली नाहीत. सदरचं कामच तसं येतं. इंग्रजांची रेसिडेन्सी आणि छावणी यांच्या आधाराने वाढलेली ही वस्ती. ऑल सेंट्स कॅथीड्रल, अंजुमनचं कॉलेज, मंगळवारी बाजार, सगळं पायी जाण्याच्या अंतरात. एकाच आठवड्यात निकाहाची उर्दू पत्रिका, बौद्ध विवाहाची मराठी पत्रिका, चर्चचं इंग्रजी पत्रक आणि एखाद्या व्यापाऱ्याची हिंदी बिलबुकं येतात. ती नीट व्हायची तर ते ते वाचता येणारं, ज्याच्या घरात ते चालतं असं माणूस लागतंच.

मोठ्या कंपनीत माणसांचे तंटे ऐकायला वेगळं खातं असतं. छापखाना, दवाखाना, दुकान अशा ठिकाणी ते कोणा एकाच्या अंगावर पडतं, आणि त्याला ते कोणी शिकवलेलं नसतं. म्हणून मला जे कळलं ते लिहून ठेवते आहे.

१. भांडण किती वाजता होतं ते आधी पाहा

डिझाइनची मुलगी आणि दादा यांचं सुरुवातीला अजिबात पटत नव्हतं. ती म्हणायची, दादा माझ्याशी धड बोलत नाहीत. दादा म्हणायचे, "ताई, तिले काही सांगाची सोय नाही, लय शिकली हाय ते." ऐकणाऱ्याला हा वयाचा आणि शिक्षणाचा झगडा वाटावा. मध्ये न पडता मी नुसतं पाहत राहिले. दोघांचं वाजायचं ते बहुतेक संध्याकाळी पाच-सहाच्या सुमाराला, आणि तेही पत्रिकांवरूनच.

त्या वेळेला गिऱ्हाइकाचा फोन येतो. मामांचं नाव राहिलं, हॉलचा पत्ता बदलला. ती फाइल दुरुस्त करते, तोवर दादांनी प्लेट मशीनवर चढवलेली असते. ॲल्युमिनियमच्या प्लेटवर मजकूर एकदा उतरला की त्यात साधा कानासुद्धा वाढवता येत नाही. नवी प्लेट करायची, ती चढवायची, पाणी आणि शाई यांचा मेळ पुन्हा बसवायचा, तो बसेपर्यंत चांगला कागद वाया घालवायचा. हा सगळा त्रास दादांना, आणि गिऱ्हाइकाची बोलणी खायची तिने.

मग शेठशी बोलून नियम केला. प्रूफवर गिऱ्हाइकाची सही दुपारी चारच्या आत, त्यानंतर बदल आला तर नव्या प्लेटचे पैसे वेगळे. तसा कागद काउंटरवर लावला. दोघांची काही घट्ट मैत्री झालेली नाही, तशी अपेक्षाही नव्हती. पण संध्याकाळची वादावादी थांबली. कॅरन जेन नावाच्या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९९५ साली गटांमधले वाद तपासताना कामावरचा मतभेद आणि माणसावरचा राग वेगळे मोजले होते. आमच्याकडे दिसलं ते असं की पहिला वेळेत सोडवला नाही तर त्याचा दुसरा व्हायला महिनाही लागत नाही. एकदा तो झाला की प्लेटचा विषय कोणाच्या लक्षातही राहत नाही, फक्त स्वभाव उरतो.

२. अर्धं-अर्धं वाटल्याने दोघंही नाराज राहतात

नागपूरच्या मे महिन्याबद्दल सांगायला नको. पारा ४५ च्या पुढे गेला की कूलरशिवाय आत बसवत नाही. आणि आमच्याकडे दर उन्हाळ्यात कूलरवरूनच सगळ्यात मोठं भांडण व्हायचं.

दादांना कूलर नको असायचा. त्यात त्यांचा हेकेखोरपणा नव्हता. कागद हवेतलं पाणी ओढून घेतो आणि किंचित पसरतो. आमचं मशीन दोन रंगांचं. चार रंगांचं काम असलं की कागद त्यातून दोनदा काढावा लागतो: दोन रंग आज, ते वाळले की उरलेले दोन उद्या. मधल्या रात्री तो गठ्ठा कूलरच्या दमट हवेत राहिला की दुसऱ्या दिवशी रंगांवर रंग बसत नाहीत. पत्रिकेवरच्या गणपतीचा लाल रंग सोंडेच्या बाहेर सांडतो. नुसत्या डोळ्यांना ते केसाएवढं दिसतं, पण गिऱ्हाईक नेमकं तेच पाहतं. दादांचं म्हणणं एका वाक्याचं होतं: "कूलर लावलं तं कागद फुगते, मंग माह्या नावानं बोंबलू नका." दुसरीकडे बाइंडिंगचे काका आणि डिझाइनची मुलगी दुपारभर घामाने निथळत. घामाचा हात लागला की छापलेल्या कागदावर डाग पडतो, तेही नुकसानच.

दोन तास कूलर चालू, दोन तास बंद, असा मधला मार्ग शेठनी काढला होता. सगळ्यांना तो न्यायाचा वाटला, पण त्याने कागद फुगायचा तो फुगलाच आणि माणसंही उकडलीच.

मेरी पार्कर फॉलेट या अमेरिकन विचारवंत बाईंनी १९२५ मधल्या एका व्याख्यानात हार्वर्डच्या ग्रंथालयातला प्रसंग सांगितला आहे. छोट्या खोलीत कोणाला तरी खिडकी उघडी हवी होती, त्यांना स्वतःला बंद. दोघांनी शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली. कारण त्या माणसाला नेमकी ती खिडकी उघडायची नव्हती, हवा हवी होती. बाईंनाही खिडकी बंद करण्याचा हट्ट नव्हता, अंगावर थेट वारा नको होता. ही गोष्ट वाचली तेव्हा मला आमचा कूलरच दिसला.

मग आम्ही कोणाला काय हवं याऐवजी कशासाठी हवं ते विचारलं. दादांना कोरडा कागद हवा, बाकीच्यांना गारवा. मशीन आणि कागदाचा साठा एका बाजूला घेऊन मध्ये प्लायवूडचं पार्टिशन घातलं आणि दाराला जाड पडदा लावला. छपाईची वेळ मे-जूनमध्ये सकाळी सहा ते बारा केली, म्हणजे दादा आणि हेल्पर उन्हाच्या आधी मोकळे. आधी दोन आणि नंतर दोन रंगांच्या मध्ये कागद प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवायचा, असं दादांनीच सुचवलं. पार्टिशनच्या अलीकडे कूलर दिवसभर चालतो. खर्च झाला, पण वाया जाणारा कागद धरला तर शेठना तो जड गेला नाही.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगते. हा तोडगा निघाला तो दादांच्या हट्टामुळे. त्यांनी भिडेखातर मान तुकवली असती तर आम्ही अजूनही दोन-दोन तास कूलर लावत बसलो असतो.

३. सुट्ट्यांपेक्षा जादा कामाची वही पाहा

आठजणांचे सण धरले तर वर्षातला क्वचितच एखादा महिना मोकळा जातो. दिवाळी आणि पोळा आहेच. रमजान ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते. चेट्रीचंड, गुड फ्रायडे, नाताळ, १४ एप्रिल, ६ डिसेंबर. आणि दसरा, जो नागपुरात दोन अर्थांनी मोठा. १४ ऑक्टोबर १९५६ ला, विजयादशमीच्या दिवशी, बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा घेतली, त्यामुळे दरवर्षी त्या दिवसांत दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात आणि पुस्तकांचे स्टॉल रांगेने लागतात. म्हणजे दादांचा सगळ्यात मोठा दिवस येतो तेव्हाच आमच्याकडे पुस्तिका आणि पोस्टर यांचं काम शिगेला पोचलेलं असतं. चाचांचंही तसंच. सेहरी-इफ्तारची वेळापत्रकं रमजान लागायच्या आधी दुकानादुकानांत पोचावी लागतात.

आमचा नियम असा की आपल्या सणाची सुट्टी मागायची नाही, फक्त सांगायची. वर्षाच्या सुरुवातीला भिंतीवरच्या कॅलेंडरवर ज्याने त्याने आपले दिवस लाल पेनाने घेरायचे. नाताळाला मॅडम नसतात तेव्हा बिलं ऑर्डरवाला मुलगा करतो, ईदला चाचांचं तातडीचं काम आधीच उरकलेलं असतं. त्यामुळे छापखाना फार थोडे दिवस पूर्ण बंद राहतो.

हे ऐकायला छान वाटतं, आणि पाहुण्यांना सांगायला तर फारच. पण एकदा मॅडमनी वर्षभराची ओव्हरटाइमची वही माझ्यापुढे ठेवली. सगळ्यांच्या सणाला जादा थांबलेलं नाव एकच होतं: बाइंडिंगचे काका. त्यांचं गाव लांब, सणाला जायचं तर रेल्वेचं रिझर्व्हेशन आधी लागतं, आणि हरेली हा त्यांचा सण आमच्यापैकी कोणाच्या ध्यानीमनीही नव्हता. कॅलेंडरवर त्यांनी एकही दिवस घेरलेला नव्हता. विचारलं तर म्हणाले, "हमारा क्या है, बाई, हम तो इधरईच हैं."

डब्यातली शेवई, शीरखुर्मा, केक वाटून खाल्ला की वेगवेगळी माणसं सांभाळली, असं पुष्कळ ठिकाणी मानलं जातं. खाण्यात मलाही आनंदच आहे. पण ज्याचा आवाज लहान, त्याच्या पाठीवर बाकीच्यांचे सण उभे राहतात, हे फराळात दिसत नाही. ते वहीत दिसतं. आता एका माणसाकडे लागोपाठ दोन सणांचं जादा काम जात नाही. काकांना वर्षातून एकदा सलग मोठी सुट्टी मिळते, आणि तिच्या तिकिटाची तारीख आम्ही सगळ्यांच्या आधी कॅलेंडरवर लिहितो.

४. दोन कामांच्या मधली जागा कोणाची, ते ठरवा

उर्दू पुस्तिका उजवीकडून उघडते. चाचांनी इनपेज या उर्दूच्या सॉफ्टवेअरमध्ये पानं बिनचूक लावून दिली होती, सुटी प्रूफंही बरोबर होती. पण फर्मा लावताना, म्हणजे मोठ्या कागदावर छापायची पानं मांडताना, त्यांचा क्रम नेहमीसारखा मराठीचा लागला. काकांनी पहिला फर्मा घडी घालून चाचांपुढे धरला तर शेवटचं पान वर. छापलेला सगळा गठ्ठा रद्दीत.

चाचा म्हणाले, मी बरोबर दिलं होतं. डिझाइनची मुलगी म्हणाली, मला उर्दू वाचता येत नाही. काका म्हणाले, आलं तसं मोडलं. तिघांचंही खरं होतं, म्हणून भांडण लांबत गेलं. खरी अडचण अशी की चाचांचं टेबल संपतं आणि तिचं सुरू होतं, त्यामधल्या जागेला धनी नव्हता. आता प्लेट करण्याआधी कोऱ्या कागदाची डमी होते. ज्याची भाषा, त्याने ती हाताने घडी घालून तिच्यावर पेनाने पानांचे आकडे टाकायचे आणि पुढच्याच्या हातात द्यायची. दोन मिनिटांचं काम आहे.

५. सगळ्यात लहान माणूस आधी बोलेल

शनिवारी चहाच्या वेळी आम्ही अर्धा तास बसतो. आठवड्यात काय अडलं, एवढंच बोलायचं. आधी शेठ किंवा दादा बोलायचे, आणि मग बाकीच्यांना बोलायला काही उरत नसे. आता सुरुवात हेल्पर करतो.

याला कारण झालं. एका पत्रिकेत तारीख होती रविवारची आणि वार छापला होता शनिवार. ती पाकिटात घालताना हेल्परला ते दिसलं होतं. तो बोलला नाही. का, तर त्याआधी एकदा काही विचारल्यावर "काऊन बे, तुले काय कराचं?" असं उत्तर मिळालेलं. आपल्याकडे 'बे' प्रेमातही येतो, पण तो कोणाकडून कोणाला येतो यावर सगळं आहे. हेल्पर दादांना 'बे' म्हणू शकत नाही.

एमी एडमंडसन या अभ्यासक बाईंनी नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या रुग्णालयांमधल्या परिचारिकांचे गट पाहिले. जिथे गट चांगला, तिथे औषधांच्या चुका जास्त नोंदलेल्या निघाल्या. चुका जास्त होत होत्या असं नाही, तिथे त्या सांगायची भीती कमी होती, असा त्यांचा निष्कर्ष. आमचा हेल्पर आता दर शनिवारी काहीतरी दाखवतो. कधी ते बिनमहत्त्वाचं असतं. तरी ऐकून घ्यायचं, कारण त्यावर हसलं की पुढच्या वेळची चूक थेट गिऱ्हाइकाच्या हातात जाते.

६. बाहेरून आलेल्याचं कसब इथल्या हातांत उतरू द्या

आमच्यापासून जवळच व्हीसीएचं, म्हणजे विदर्भ क्रिकेट असोसिएशनचं, जुनं मैदान आहे, त्यामुळे क्रिकेटची चर्चा आमच्याकडे कधी थांबत नाही. विदर्भ १९५७-५८ पासून रणजी खेळतो. पहिली अंतिम फेरी आणि पहिला करंडक मिळाला २०१७-१८ ला. तो संघ पाहा. कर्णधार फैज फजल नागपूरचा. वसीम जाफर मुंबईचा, गणेश सतीश कर्नाटकचा, प्रशिक्षक चंद्रकांत पंडित मुंबईचे. उमेश यादव खापरखेड्याजवळच्या कोळसा खाणीच्या वस्तीतून भारतीय संघात गेलेला, रजनीश गुरबाणी इंजिनिअरिंग करून आलेला. कोलकात्यात कर्नाटकविरुद्धचा उपांत्य सामना अवघ्या पाच धावांनी जिंकला, त्यात गुरबाणीचे बारा बळी. इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध त्याची हॅटट्रिक आणि अक्षय वाडकरचं शतक. १ जानेवारी २०१८ ला करंडक आला तेव्हा दादांनी मशीन थांबवून सगळ्यांना चहा पाजला होता.

पैसे देऊन बाहेरचे खेळाडू आणले, त्यात काय मोठं, असं तेव्हाही काही जण म्हणत. मला ते पटत नाही. बाहेरचे खेळाडू पुष्कळ संघ आणतात. इथे पुढे काय झालं ते पाहायला हवं. पुढच्या वर्षी करंडक राखला. २०२४-२५ ला तिसऱ्यांदा जिंकला तेव्हा कर्णधार तोच वाडकर होता. हर्ष दुबेने त्या हंगामात ६९ बळी घेऊन रणजीचा विक्रम केला, आणि अंतिम सामन्यात केरळविरुद्ध दानिश मालेवारने १५३ केल्या. त्याही संघात बाहेरून आलेला करुण नायर होता, तरी संघाचा कणा घरचा झालेला होता.

आमच्याकडे उर्दूचं सगळं चाचांवर आहे आणि त्यांचं वय झालं. डिझाइनची मुलगी गेल्या वर्षापासून दुपारी त्यांच्याजवळ बसून अक्षरं ओळखायला शिकते. नुक्ता कुठे पडतो, कोणतं अक्षर पुढच्याला जोडत नाही. त्या बदल्यात ती त्यांना कोरल ड्रॉ दाखवते. चाचा माउस फार जोरात दाबतात, पण दोघांचं चांगलं चाललं आहे. हा वेळ कामाच्या तासांतला धरायचा, असं मी शेठना स्पष्ट सांगितलं. घरी जाताना शिकून घे, म्हटलं असतं तर ते कधीच झालं नसतं.

७. काही गोष्टींत तडजोड नाही

इतकी वर्षं जुळवून घेण्याचं काम केल्यावरही हे मी ठामपणे सांगते. जात, धर्म, प्रांत यावरून कोणाला हिणवणं हा मतभेद नव्हे. एका कामगाराने दादांवर जातीवरून शेरा मारला होता. आजूबाजूचे लगेच म्हणाले, जाऊ द्या ताई, गमतीत बोलला. 'जाऊ द्या' म्हणणाऱ्याचं काहीच जात नाही, ज्याला लागलं त्याचं जातं. त्या माणसाला सगळ्यांसमोर माफी मागावी लागली, आणि पुन्हा तसं झाल्यावर काम सोडावं लागलं. हात कसबी होता, त्याच्या जाण्याने दिवाळीच्या तोंडावर फार ओढाताण झाली. तरी ते करायलाच हवं होतं. संविधान सभेतल्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी स्वातंत्र्य आणि समता यांच्या बरोबरीने बंधुत्व मांडलं, ते मोठ्या सभागृहांपुरतं नव्हतं.

२०२५ च्या मार्चमध्ये नागपूरच्या महाल भागात हिंसाचार झाला आणि शहराच्या बऱ्याच भागांत संचारबंदी लागली, तेव्हा सगळ्यांचे फोन तापलेले होते. छापखान्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कामाशिवाय काही टाकायचं नाही, हा नियम आमच्याकडे आधीपासून होता. त्या आठवड्यात तो कोणी मोडला नाही. बोलणं झालं ते एवढंच: कोणत्या रस्त्याने यायचं, कोणी घरीच थांबायचं, आणि थांबलेल्याचा पगार कापला जाणार नाही.

८. नवं माणूस आलं की गट नवा होतो

ब्रूस टकमन यांनी १९६५ साली गटांचे टप्पे सांगितले: जमणं, खटके उडणं, रीत बसणं आणि मग काम होणं. मला वाटायचं की हे एकदाच घडतं. पण एक माणूस बदललं की खटक्यांपासून पुन्हा सुरुवात होते. म्हणून नव्याला पहिल्या आठवड्यात त्याचं स्वतःचं काम देत नाही. त्याला बाइंडिंगला बसवतो. सगळ्यांच्या चुका शेवटी काकांच्या टेबलावर येतात. वाकडं कटिंग, उलटी पानं, हललेले रंग, हे सगळं तिथे दिसतं, आणि त्यामागे कोण माणूस आहे तेही कळतं.

सध्या आम्हा आठजणांत भर म्हणून मशीनवर दादांच्या हाताखाली एक मुलगा आला आहे. त्याचं कॉलेज संध्याकाळचं, त्यामुळे चारला आलेली सही त्याला चालत नाही. प्रूफची वेळ तीनची करा, असं तो पहिल्याच शनिवारी बोलला. दादांना ते पटलं आहे. डिझाइनच्या मुलीला नाही, कारण नोकरी करणारी गिऱ्हाइकं दुपारी तीनला येऊ शकत नाहीत. दोघांचंही म्हणणं लिहून घेतलं आहे. सह्या किती वाजता येतात त्याचा गेल्या महिन्याभराचा हिशेब मॅडम काढून देणार आहेत, तो समोर आला की या शनिवारी त्यावर बसू.